वडिलांचे पूर्ण नाव

वॉसॉ, विस्कॉन्सिन
९ जानेवारी २०१८

प्रिय ब्लिया आत्या,

तू फोनवर काही बोलत नाहीस, म्हणून हे पत्र. मागच्या महिन्यात मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू "जेवलीस का, बर्फ किती पडलाय" एवढं विचारलंस, आणि मी "बाबांच्या जन्माचं" असं म्हणायला लागले की काका हाक मारतायत सांगून फोन ठेवलास. काका मागे घोरत होते, मला ऐकू येत होतं.

बातमी आधी सांगते. मला फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सला प्रवेश मिळाला! म्हणजे डॉक्टरांच्या बरोबरीनं रोगी तपासायचे, टाके घालायचे, औषध लिहून द्यायचं. पाच वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढली. रोग्याला इस्पितळाच्या दारात सोडायचं आणि माघारी फिरायचं, पुढं त्याचं काय झालं ते कळायचंसुद्धा नाही. आता मला दाराच्या आत जायचंय.

फी ऐकून आई म्हणाली, एवढ्यात घर येतं. पण सैन्याची शिष्यवृत्ती आहे. सगळी फी ते भरतात, राहण्याखाण्याला वर पैसे देतात. शिकून झालं की चार वर्षं त्यांचा गणवेश घालून काम करायचं. कॅप्टन हॉल्वर्सन नावाच्या बाई माझा अर्ज बघतायत. मुलाखत छान झाली. त्या म्हणाल्या, जवळजवळ झालंच समजा.

राहिलाय एक फॉर्म, शंभरावर पानांचा. सैन्यात अधिकारी व्हायचं तर घरातल्या सगळ्यांची माहिती लागते. वडील कुठं जन्मले, कधी, त्यांचे आईवडील कोण. कागदावर बाबांची जन्मतारीख एक जानेवारी आहे. लाओसहून आलेल्या आपल्यातले निम्मे लोक एक जानेवारीलाच जन्मलेत, निर्वासितांच्या छावणीतल्या कारकुनाची कृपा. खरी तारीख नसली तरी गाव तरी सांग. बाबांना विचारलं तर ते फावडं घेऊन बर्फ काढायला गेले. अंगण मी सकाळीच साफ केलं होतं.

तू त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. तुला आठवत असणारच.

तुझी,
गाओनू


फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
२२ जानेवारी

गाओनू पोरी,

पत्र मिळालं. तू शिकतेस याचा आनंद आहे. तुझ्या काकांनी बाजारात सगळ्यांना सांगितलं, आमच्याकडे गवती चहा घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना पण सोडलं नाही.

आडनाव खांग. नाव फेंग. जन्म एक जानेवारी १९७४. गाव कागदावर लिहिलंय तेच. असल्या गोष्टी कागदाला विचारायच्या असतात, माणसाला नाही. आणि फोनवर तर मुळीच नाही. फोन कोण कोण ऐकतं ते तुला माहीत नाही. हसू नकोस.

पण सैन्य कशाला गं? तुझ्या आजोबांनीसुद्धा लाओसच्या लढाईत एका अमेरिकन कप्तानाच्या शब्दावर बंदूक हातात घेतली होती. शेवटी तो कप्तान विमानात बसून गेला आणि आम्ही पायी निघालो. त्यांचा पैसा घेतलास की ते तुझं सगळं उकरून बघणार. तुझं आणि आमचं पण. दुसरी शिष्यवृत्ती बघ. नाहीतर दोन वर्षं थांब, आम्ही काहीतरी करतो.

पांढरा दोरा पाठवतेय. आईकडून मनगटाला बांधून घे. माणूस फार घाबरला की त्याचा जीव अंग सोडून भटकायला लागतो, तो दोऱ्यानं जागेवर राहतो. तू म्हणशील, मी कुठं घाबरलेय. बांध तरी.

ब्लिया आत्या


वॉसॉ
३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

दोरा बांधला. आणि तू बरोबर ओळखलंस, मी घाबरलेय.

काल कॅप्टन हॉल्वर्सनकडे गेले होते. सहज विचारते असं दाखवून विचारलं, की निर्वासितांच्या कागदांत चुका असतात, त्याचं काय करायचं? त्या म्हणाल्या, "चूक असेल तर चूक आहे असं लिहा. आम्हाला चुकीचं काही वाटत नाही. लपवल्याचं वाटतं." मग फॉर्मचं शेवटचं पान उघडून दाखवलं. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तुरुंग, असं तिथं स्पष्ट छापलंय. त्याखाली सहीची जागा आहे. शिवाय खोटं उघड झालं तर मला पुढं औषध लिहून द्यायचा परवानाही कोणी देणार नाही. एक मे ही शेवटची तारीख.

आता मनातलं लिहिते, रागावू नकोस. आजी गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. शेवटच्या दिवशी बाबा तिचा हात धरून बसले होते आणि ती सारखी म्हणत होती, "फेंगला बोलवा." बाबा म्हणाले, "आई, मी इथंच आहे." तिनं हात सोडवून घेतला. म्हणाली, "तू नाही. फेंगला." सगळे म्हणाले, तापात बरळतेय. तू खोलीतून उठून बाहेर गेलीस, ते मी पाहिलं होतं.

दुसरं असं, की आपल्यात मूलबाळ झालं की सासरे जावयाच्या नावाला मोठेपणाचं नाव जोडतात, डुक्कर कापून जेवण घालतात. माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींच्या वडिलांना ते नाव आहे. आईचे वडील बाबांना तीनदा नाव द्यायला आले. बाबांनी एकदा पाठ धरल्याचं निमित्त सांगितलं, एकदा कामाची पाळी बदलून घेतली, आणि तिसऱ्यांदा सरळ नको म्हणाले. आजोबा दोन वर्षं आमच्याकडे जेवले नाहीत.

आत्या, मी रोज अपघातात बेशुद्ध पडलेल्या माणसांची ओळख पटवते. कोणाचं काय जुळत नाही ते मला पटकन दिसतं. बाबा फेंग नाहीत ना?

गाओनू


फ्रेस्नो
२० फेब्रुवारी

गाओनू,

शेतात कामाची घाई आहे. चवळीचे वेल बांधायचेत. तुझ्या काकांची कंबर धरलीय. हवा बरी आहे.

ब्लिया आत्या


वॉसॉ
१ मार्च

आत्या,

चवळीचे वेल फेब्रुवारीत बांधत नाहीत. एवढं मलासुद्धा कळतं.

तू "नाही" लिहिलं असतंस तर मी गप्प बसले असते. तू कंबर लिहिलीस. परवा कामावर एका म्हाताऱ्याच्या मुलानं वडिलांची जन्मतारीख सांगितली आणि मी त्याला विचारलं, ही खरी की कागदावरची? सोबतच्यानं विचारलं, बरं नाही का?

रात्रंदिवस मी एकाच गोष्टीचा विचार करते. बाबांचं नागरिकत्व. खोट्या नावावर घेतलेलं असेल तर काढून घेतात का? मग कुठं पाठवतात? ते चव्वेचाळीस वर्षांचे आहेत, जिन्सेंगच्या औषधी मुळांच्या वाफ्यांवर वीस वर्षं राबलेत, गुडघे गेलेत. लाओसमध्ये त्यांचं कोण आहे? मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सहीनं त्यांना धरून द्यायचं का?

तू सांगितलं नाहीस तर मला बाबांनाच विचारावं लागेल. पंधरा तारखेपर्यंत वाट बघते.

गाओनू


फ्रेस्नो
११ मार्च

गाओनू,

त्याला विचारू नकोस. काय वाटेल ते कर, त्याला विचारू नकोस.

हे पत्र घरात वाचू नकोस. गाडीत बसून वाच आणि मग जाळून टाक.

फेंग माझा सख्खा भाऊ. १९७९ साली तो पाच वर्षांचा होता, मी बारा वर्षांची. तुझे आजोबा, आजी, मी आणि तो, असे आम्ही दोन महिने रानातून चाललो होतो. वाटेत एक म्हातारी मरून पडली होती आणि तिच्या तोंडावरच्या माश्या वारत एक पोरगा बसला होता. फेंगच्याच वयाचा, फेंगपेक्षा हडकुळा. नाव विचारलं तर म्हणाला, यिया. आडनाव मुआ. तुझ्या आजोबांनी त्याला पाठुंगळी मारलं. आजी म्हणाली, "आपल्याच चौघांना खायला नाही." आजोबा म्हणाले, "चौघांना नाही ते पाचांना नाही, काय फरक पडतो?" झालं. दोन पोरं दोन दिवसांत एकमेकांना चिकटली. मुळं उकडली की भांडायची, निजताना डोक्याला डोकं लावायची.

लाओसच्या सीमेवरची मेकाँग नदी अर्ध्या दिवसावर राहिली होती. भर दुपारी आम्ही उंच गवतात लपलो होतो आणि वाटेवरून जिंकलेल्या बाजूचे सैनिक येताना ऐकू आले. एकदोघे नाही, पुष्कळ. पोरं भुकेनं कुरकुरत होती. आदल्या आठवड्यात एका टोळीतलं मूल रडलं आणि त्या टोळीतलं कोणी उरलं नाही, हे आम्ही ऐकलं होतं. आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, अफू पाण्यात कालवली. ती माझ्यापासून चार हातांवर आडवी होती, तिला हलता येत नव्हतं. तिनं बाटली आणि टोपण माझ्याकडे सरकवलं. बोटांनी खूण केली, एकेकाला एकेक.

दोघं प्लास्टिकच्या कागदाखाली होती. कागद उचलला तर वाजेल आणि उन्हात चमकेल, म्हणून मी नुसता हात आत घातला. तोंड चाचपलं, टोपण ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा हात घातला, तोंड चाचपलं, ओतलं. सैनिक निघून गेले. ऊन उतरल्यावर कागद काढला. यिया उठून बसला. फेंग उठला नाही.

दोन्ही टोपणं मी एकाच तोंडात ओतली होती.

आईनं मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नदीपलीकडे छावणीत नावं लिहून घेत होते. अनाथ पोरं वेगळी काढत होते. तुझे आजोबा म्हणाले, "मुलगा एक. फेंग खांग." मी यियाला आठ दिवस शिकवलं. तुझं नाव फेंग. चुकला की चिमटा काढायची. तो शिकला आणि मग पार विसरून गेला. त्याला आता यातलं काहीएक आठवत नाही. तो मोठ्या विश्वासानं मला ताई म्हणतो.

तुला सरकारची भीती वाटते. मलाही वाटते, अडतीस वर्षं वाटतेय, टपालात सरकारी पाकीट आलं की दोन दिवस मला जेवण जात नाही. पण खरी भीती ती नाही. ज्याला तो भाऊ भाऊ म्हणत डोकं लावून निजायचा त्याला मी मारलं, हे त्याला कळेल. मग तो मला काय म्हणेल?

कागदावरचं लिही. हात जोडते.

ब्लिया


वॉसॉ
२४ मार्च

प्रिय आत्या,

गाडीत बसून वाचलं. मग दोन तास गाडी सुरू करता आली नाही.

आधी तुला एक सांगते, आणि हे मी भाची म्हणून नाही, माझ्या धंद्यातलं सांगते. ॲम्ब्युलन्समध्ये औषध देताना आम्ही दोघं असतो. एकजण बाटलीवरचं नाव आणि माप मोठ्यानं वाचतो, दुसरा तेच पुन्हा वाचतो, मगच सुई टोचतो. डोक्यावर लख्ख दिवा असतो. तरी चुका होतात. तू बारा वर्षांची होतीस, उपाशी होतीस, समोर दिसत नव्हतं आणि माप कोणालाच माहीत नव्हतं. उपाशी पोराला त्यातलं एक टोपणही जास्त झालं असेल. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. माझ्याजवळ कोणी ही हकिकत घेऊन आलं असतं, तर मी हेच म्हटलं असतं.

पण सही माझ्यानं होत नाही. खोटं लिहिलं तर गुन्हा माझा. खरं लिहिलं तर बाबा जातात आणि तूही. माहीत नव्हतं तोपर्यंत कागदावरचं उतरवून मी मोकळी झाले असते. आता मला माहीत आहे आणि ते विसरता येत नाही.

फॉर्म रद्दीच्या खोक्यात टाकला. कॅप्टन हॉल्वर्सनना महिनाअखेर कळवीन की विचार बदलला. कोर्सची जागा शिष्यवृत्तीशिवाय ठेवून काही उपयोग नाही, तीही सोडीन. ॲम्ब्युलन्स आहेच. काम वाईट नाही.

तुझं पत्र जाळलं नाही. शेगडी पेटवली तर आई कारण विचारेल. कामाच्या बॅगेत, पट्ट्यांच्या खाली ठेवलंय. बाबांना मी काही बोलणार नाही. त्यांना कळू देणार नाही.

गाओनू


फ्रेस्नो
२ एप्रिल

गाओनू,

पत्र वाचून आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं वाटलं की मी दोन वाट्या भात जास्त खाल्ला. काका म्हणाले, लॉटरी लागली का?

दुसऱ्या दिवशी शेतात गेले आणि खुरपं खाली ठेवलं. वाफ्यात बसले. मला सारखं दिसत होतं की तू इस्पितळाच्या दारात रोग्याला सोडतेस आणि माघारी फिरतेस. जन्मभर.

काय करावं मला कळत नाही. कुठल्याही बाजूला हात घातला तरी कोणाचं तरी तोंड लागतं.

ब्लिया आत्या


वॉसॉ
१४ एप्रिल

ब्लिया ताई,

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आपल्या घरात लिहिण्याचं काम तुझं आणि वजन उचलण्याचं माझं. हात वळत नाही, सांभाळून घे.

मार्चअखेरीला रद्दी बाहेर ठेवायला गेलो तर खोक्यात पोरीचा फॉर्म होता. जवळजवळ सगळा भरलेला. "वडिलांचे पूर्ण नाव" एवढी ओळ कोरी. मी तो आत आणला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "इथं यिया मुआ लिहायची भीती वाटली का?" पोरीच्या हातातला कप खाली पडून फुटला.

ताई, पाच वर्षांचं पोर आपलं नाव विसरत नाही. तू काढलेले चिमटेसुद्धा मला आठवतात, डाव्या दंडाला काढायचीस. मी विसरलो नव्हतो. गप्प बसलो होतो. मला वाटायचं, चुकून खरं बोललो तर तुम्ही मला उचलून त्या म्हातारीच्या शेजारी परत नेऊन बसवाल. मग मोठा झालो तरी ती भीती गेली नाही. सासरे नाव द्यायला आले तेव्हा वाटलं, दुसऱ्याच्या नावाला आणखी एक नाव कसं जोडून घ्यायचं? त्यांना कारण सांगता येईना. आई जाताना तिनं माझा हात सोडवला, ते बरोबर होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पोरीनं मग तुझं पत्र दाखवलं. मी तीनदा वाचलं.

आम्ही वकिलाकडे गेलो. मिसेस लिंडक्विस्ट म्हणून बाई आहेत, निर्वासितांचेच खटले चालवतात. त्यांनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, छावणीतलं खोटं आईवडिलांनी सांगितलं, ते आता नाहीत. तुम्ही पोरं होतात, तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. ताई, तुला काही होणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण नागरिकत्वाच्या अर्जावर मी एकविसाव्या वर्षी फेंग म्हणून सही केली, ती जाणूनबुजून केली. तिथं त्रास होऊ शकतो. किती, ते त्या सांगू शकत नाहीत. खोटं बोलून आधार देत नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या.

मला भीती वाटतेय. हे लिहिताना पण वाटतेय. तुझ्या वहिनीनं एक पिशवी भरून दाराजवळ ठेवलीय, गरम कपडे आणि गुडघ्याचं औषध. मी म्हटलं, इतक्यात कोणी नेत नाही. ती म्हणाली, राहू दे.

तरी फॉर्म जाणार. खरं नाव लिहून जाणार. पोर नको नको म्हणते, पाया पडते. तिला वाटतं मी तिच्यासाठी मोठं काहीतरी करतोय. तसं नाही, आणि ते का नाही हे तिला मी सांगितलेलं नाही. तुला सांगतो. आधी तुलाच सांगायला हवं होतं.

त्या दुपारी कागदाखाली पहिल्यांदा तुझा हात आला तो फेंगच्या तोंडाला लागला. त्यानं गुमान गिळलं. मग हात पुन्हा आला. तो बरोबर माझ्या तोंडावर आला होता, ताई. तुझी बोटं माझ्या ओठांवर होती. ती चव मला माहीत होती. म्हातारीनं मला दोनदा दिली होती, फार कडू. मी तोंड गच्च मिटलं, मान फिरवली आणि फेंगचं डोकं धरून तुझ्या हाताखाली सरकवलं. तो अर्धा झोपेत होता. त्यानं तोंड उघडलं. ओतून झाल्यावर तू अगदी हळू म्हणालीस, "शाबास, यिया."

तू चुकली नव्हतीस. तुझा हात बरोबर जागी आला होता.

पाच वर्षांचा होतो, मला काय कळत होतं, असं पोर म्हणेल. तू पण म्हणशील. मी स्वतःला हजारदा म्हणून बघितलंय. तू अडतीस वर्षं स्वतःला दोष देत होतीस हे मला माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही समजता की अफूच जास्त झाली, कोणाचाच दोष नाही. म्हणून मी तेही गिळून बसलो. मी त्याच्या जागेवर जेवलो, शिकलो, लग्न केलं. त्याच्या नावानं पगार घेतला. आता माझी पोर माझ्यासाठी आपली जागा सोडायची म्हणते. एकदा दुसऱ्याला पुढं सरकवलं, तेवढं पुरे झालं. पुन्हा नाही.

एकच काम आहे. माझी जबानी मिसेस लिंडक्विस्टनी टाइप केलीय. त्यात ज्यांच्याबरोबर नदी ओलांडली त्यांची नावं घालायची आहेत आणि प्रत्येकासमोर माझं त्यांच्याशी नातं. आईवडिलांचं त्या म्हणाल्या, "सांभाळ करणारे" लिहू. तुझ्या नावापुढं काय लिहायचं विचारलं तर मी म्हटलं, तिलाच विचारून सांगतो. हे सगळं कळल्यावर तुला काय लिहिलेलं चालेल, ते तूच सांग. "कोणी नाही" म्हणालीस तरी मी समजेन, रागावणार नाही. ती जागा कोरी ठेवलीय. पंचवीस तारखेच्या आत कळव, कारण एक तारखेला सगळं जायला हवं.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मला बोलता येणार नाही.

यिया


फ्रेस्नो
१९ एप्रिल
तातडीच्या टपालानं

पत्र मिळून दोन दिवस झाले. उघडते, वाचते, पुन्हा घडी घालते. काका विचारतात, मी त्यांच्या अंगावर ओरडते.

मला राग आलाय. तू फेंगला पुढं ढकललंस म्हणून नाही. तू पाच वर्षांचा होतास, आणि हे मी तुझ्या पोरीकडून ऐकायच्या आधीच स्वतः म्हणते. राग याचा आहे, की तू एक शब्द बोलला असतास तर मी या हातांनी स्वतःच्या पोरांना भरवताना प्रत्येक घासाला घाबरले नसते. चारही पोरांना तुझ्या भावोजींनी भरवलं. मी चमचा हातात घेतला नाही. लोक म्हणायचे, आळशी आहे.

राग संपलेला नाही. लवकर संपेल असंही दिसत नाही. संपायची वाट बघत बसले तर एक तारीख निघून जाईल.

बहीण लिही.

ब्लिया खांग